तुलनेचा डोळा

छकूने तीन विषयांवर संशोधन केलं आणि तिन्हींपायी बोलणी खाल्ली. आधी रक्त, मग मेंदू, आता डोळे. संस्थेचे साहेब तोंडावर म्हणाले, "बाई, तुम्ही एका जागी टिकतच नाही. कायम करायचं तर कुठल्या विभागात करू?" आता या माणसाला कोण सांगणार की विषय एकच होता! आईच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या तेव्हा ती रक्ताच्या मागे लागली. भावाच्या मेंदूत तोच पाझर सुरू झाला तेव्हा मेंदूच्या. दोन्ही पेपर नावाजले गेले. ते छापून येईपर्यंत ती दोघं मात्र थांबली नाहीत. उरले नाना, तिचे वडील, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला तोच रोग.

या खेपेला औषध वेळेत तयार झालं. डोळ्यांच्या डॉक्टरने नानांना चाचणीत घेतलं. चाचणीची रीत अशी की जास्त अधू डोळ्यात इंजेक्शन द्यायचं आणि दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. तुलनेचा डोळा बिघडायला लागला, म्हणजे त्याने तक्त्यावरची अक्षरं कमी वाचता यायला लागली, की त्यालाही औषध मिळे, पण मग तो पेशंट चाचणीतून बाद. आधीच पेशंट मोजके. एकदा जेवताना छकू वैतागून बोलून गेली, "आता एक जरी गळाला तर पेपर बोंबलला, आणि माझी नोकरीही." नानांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

नाना शिंपी. गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ ठेवणारा माणूस.

तपासणीच्या खोलीत अक्षरांचे दोन तक्ते असत, प्रत्येक डोळ्याला वेगळा. मध्येच दुसऱ्या तक्त्यामागचा दिवा गेला. नवा यायला वेळ लागणार होता आणि छकूला तर जराही दम निघत नव्हता. "चालेल हो, दोन्ही डोळे त्याच तक्त्यावर तपासा," तिने सांगून टाकलं. तेव्हापासून नाना आधी औषधाच्या डोळ्याने सावकाश वाचत, मग तो झाकून दुसऱ्याने घडाघडा म्हणून दाखवत. आकडे बघून छकू हरखून जायची. बिचारी!

मग एका इंजेक्शननंतर औषधाच्या डोळ्यावर पट्टी बांधून ती त्यांना घरी घेऊन आली.

"किल्ली द्या इकडे."

"एवढा काही म्हातारा झालो नाही मी," नाना म्हणाले आणि किल्ली दाराच्या लाकडावर घासत राहिले. कुलूप तिथून चांगलं वीतभर दूर होतं. छकूला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं, उघडा आहे तो तुलनेचा डोळा.

"नाना, माझी बोटं किती?"

"जिने चढून दमलोय मी. आत तरी जाऊ दे."

"किती, नाना?"

"तीन."

तिने हात वर केलाच नव्हता.

त्याच पावली ती त्यांना टॅक्सीत घालून परत घेऊन गेली. डॉक्टर बराच वेळ त्या डोळ्यात बघत राहिला. "आत्ताच्या आत्ता इंजेक्शन द्या," छकू म्हणाली. "बाद करा त्यांना. पेपर गेला खड्ड्यात." डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. पडद्यावर व्रण धरला होता, तिथे आता औषध लागू पडण्यासारखं काही उरलं नव्हतं. छकूने त्याची बाही धरली, हात जोडले, नको नको ते बोलली. तो तरी काय करणार?

बाहेर बाकावर नाना बसले होते.

"रागावलीस?"

"का केलंत असं?"

"दोनदा तुला उशीर झाला, बाळा. तू कशी झुरतेस ते बघतोय ना मी. म्हटलं, हा पेपर तरी वेळेत येऊ दे." मग ते घाबरत म्हणाले, "मी बाद झालो का?"

"नाही. त्या डोळ्यात औषध दिलंच नाही ना."

"मग याचं काय धरतील?"

छकूच्या डोक्यात हिशेब आपसूक झाला होता आणि तिला स्वतःची किळस आली. ज्या डोळ्यात औषध गेलं तो वाचला, ज्यात नाही तो पार गेला. अख्ख्या चाचणीत याहून ठसठशीत निकाल कुणाचाच नव्हता.

"चांगलंच धरतील, नाना. छापतील."

नानांचा चेहरा उजळला. शेजारी एक बाई नंबरची वाट बघत बसली होती. तिच्या दिशेने मान वळवून ते अभिमानाने म्हणाले, "माझी मुलगी. डोळ्यांवर पेपर येतोय तिचा."