निमगोरी

पौष लागला की पार्लरवालीनं हातावर हात ठेवून बसावं. लग्न नाही, साखरपुडा नाही. भुवया कोरून घ्यायला दोन-चार कॉलेजच्या पोरी आल्या तर आल्या. मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला असलेल्या आपल्या दुकानात आशाबाई त्या दुपारी अशीच बसली होती. आतल्या बाजूला नजमा दोऱ्याची रिळं लावत होती. ती कामाला म्हणून आली होती, पण दहा वर्षांत निम्मं दुकान तिचंच झालं होतं. समोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून करमाडची द्वारकाबाई उतरली, मागोमाग तिची लेक शिवकन्या, आणि आशाबाईनं नजर वळवली.

गिऱ्हाईक दारात आलं तर पार्लरवालीनं नजर का वळवावी? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. चार महिने ती या दोघींची वाट बघत होती, आणि त्या येऊ नयेत म्हणून देवाला हातही जोडत होती.

आशाबाईचं माहेर करमाडचं, द्वारकाबाईच्याच गल्लीतलं. गावची लेक म्हणून शिवकन्या तिला आत्या म्हणायची आणि द्वारकाबाई तिची वहिनी लागायची. करमाडपासून शेंद्र्यापर्यंत कुठंही नवरी सजवायची असली की लोक म्हणत, आपल्या आशाबाईला बोलवा. तिचं दुकान पाटीवर चालत नव्हतं, या 'आपल्या'वर चालत होतं.

"या वहिनी. चहा सांगू?"

"चहा नको. काम हाये, ते आधी करू," द्वारकाबाई म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

आपल्याकडं पोरी उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात आणि सावलीत आल्या की सोडतात. शिवकन्येनं आत येऊनही सोडला नव्हता. आईनं खूण केली तेव्हा तिनं गाठ सोडली आणि खिडकीकडं तोंड केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला. या दुकानात तर चारी भिंतींना आरसे होते.

दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर चौकोन होते. काळेपणा बराच उतरला होता, तो पावडरीखाली झाकलाही असता. पण कातडीच बदलली होती. चौकोनातली कातडी जराशी खाली बसलेली, ताठर, बारीक खड्ड्यांची, संत्र्याच्या सालीसारखी. खिडकीतून तिरपा उजेड आला की एकेका चौकोनाची कड उठून दिसत होती. त्या चौकोनाचं माप आशाबाईला पाठ होतं. कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या, लव काढायच्या लाइटच्या मशीनची काच तेवढीच होती.

"पैठणच्या पावण्यांचं काय?" आशाबाईनं विचारलं. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

"तेच तर सांगायला आले. साखरपुडा पुढं ढकलला म्हणून पोराची आत्या येऊन बघून गेली. म्हणली, ही कातडीची बिमारी दिसती, पुढं लेकराबाळांत उतरंल. आता गुरुवारी पाच माणसं यायलीत. सोयरीक ठेवायची का मोडायची ते त्या दिवशी ठरवणार." द्वारकाबाईनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "शहरातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईला दाखवलं. त्या म्हणल्या, बिमारी नाय, भाजल्याची खूण हाये. पण कशानं भाजलं, मशीननं का वरून काय लावल्यानं, ते आता चार महिन्यानं सांगता येत नाय. ज्यानं मशीन चालवली त्याच्याकडून हे भरून आणा, मंग मी पक्कं लिहून देते म्हणल्या."

कागदावर डॉक्टरीणबाईंच्या हातचे पाच प्रश्न होते. तारीख. कितवी वेळ. झोताच्या जोराचा आकडा. कातडीचा रंग कोणता धरला. नंतर काय लावलं.

"तुम्ही आसं लिहा, आशाबाई," द्वारकाबाई पुढं वाकून म्हणाली. "मशीनचं काय चुकलं नाय. त्या दिवशी संध्याकाळी पोरीच्या तोंडाची आग व्हायली म्हणून आईनं हळद न साय लावली, त्यानं चिघळलं. आईची चूक म्हणून लिहा. बिमारी नाय एवढं त्यांना पटलं म्हंजे झालं. माह्या नावाला बट्टा लागला तर लागू द्या."

नजमाच्या हातातलं रीळ खाली पडलं आणि घरंगळत खुर्चीखाली गेलं. तिनं ते उचललं नाही.

एवढं सोपं कुणाला मिळतं? जे खोटं चार महिने आशाबाईच्या घशात अडकलं होतं, ते समोरची बाई आपल्या हातानं कागदावर मांडून मागत होती. नुसती सही करायची. पोरीची सोयरीक वाचणार, दुकान वाचणार, नाव वाचणार. आणि ते खोटं मुळात द्वारकाबाईच्या डोक्यात घातलं होतं कुणी? आशाबाईनंच. त्या वेळी द्वारकाबाईचा फोन आला, पोरीचा गाल फोडांनी भरलाय म्हणून, तेव्हा हिनं पहिला प्रश्न विचारला, "वरून काय लावलं होतं का?" तिकडून घाबरत उत्तर आलं, "जरा हळद न साय." आणि आशाबाई म्हणाली, "मग त्यानंच." दोन शब्द. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. हिनं ती काडी दुसरीच्या डोळ्यात घातली.

खरं काय झालं ते तिघींना ठाऊक होतं: आशाबाईला, नजमाला आणि त्या मशीनला.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. साखरपुड्यासाठी शिवकन्येच्या गालांवरची आणि हनुवटीवरची लव काढायची होती. मशीन नवीन, शिकवायला पुण्याहून आलेला माणूस दोन दिवसांत जेवढं शिकवेल तेवढं शिकवून गेलेला. त्यानं एक गोष्ट मात्र चार वेळा सांगितली होती. पडद्यावर सहा रंग येतात, दुधापासून कोऱ्या चहापर्यंत. कातडी जितकी गडद तितकी ती प्रकाश जास्त ओढते, म्हणून गडद कातडीला झोत कमी द्यायचा. रंग विचारू नका, डोळ्यांनी बघा. शंका आली तर कानामागं एक झोत मारा आणि आठ दिवस थांबा.

सहा रंग पडद्यावर आले आणि आशाबाईच्या तोंडून सहज निघून गेलं, "रंग..." शेजारी स्टुलावर बसलेली द्वारकाबाई म्हणाली, "आमची निमगोरी हाये."

आता आपल्याकडं लग्नाची मुलगी सावळी नसतेच. कागदावर ती गोरी असते, निमगोरी असते, अगदीच गळ्याशी आलं तर गव्हाळ. सावळी असते ती शेजाऱ्याची सून. शिवकन्या चांगली तुकतुकीत सावळी होती, हे करमाडच्या म्हशींनाही दिसत होतं. पण तिच्या आईनं वीस वर्षं निमगोरी म्हटलं होतं, आणि गल्लीनं मान डोलावली होती. शिवकन्या तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा लावून पडली होती.

नजमा मात्र कानाशी येऊन म्हणाली होती, "दीदी, पाँच रखो. ये तीन नहीं है."

पाच म्हणजे शेवटून दुसरा चौकोन. तो आईच्या डोळ्यांदेखत दाबायचा म्हणजे तिच्या तोंडावर सांगायचं, वहिनी, पोरगी काळी आहे तुमची. माहेरच्या माणसाला कुणी असं बोलतं का? आशाबाईनं तीन दाबला. कानामागचा झोतही मारला नाही, कारण साखरपुड्याला दिवस थोडे होते. तिसऱ्याच झोताला शिवकन्येनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आशाबाई म्हणाली, "थोडं चुणचुणतंच बाळा," आणि पुढं मारत राहिली.

आता द्वारकाबाई समोर कागद धरून बसली होती. तिनं पेन घेतलं. तारीख लिहिली. कितवी वेळ: पहिली. आकडा ती विसरली नव्हती, तोही लिहिला. चौथ्या ओळीवर पेन थांबलं.

"निमगोरी लिहा," द्वारकाबाई सवयीनं म्हणाली.

खिडकीकडं तोंड केलेल्या शिवकन्येनं नाकातून एक बारीक आवाज काढला. त्याला हसू म्हणायचं की काय, ते सांगता आलं नसतं.

आशाबाईनं ती ओळ तशीच सोडली आणि पाचवीवर आली. 'नंतर काय लावलं.' तिनं लिहायला घेतलं, 'आईनं हळद व...'

"अजून एक मागणं हाये," द्वारकाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "सोयरीक राहिली, माघात तारीख निघाली, तर पोरीला हळद तुम्ही लावा. आत्या म्हणून तुमचा मान हायेच. पहिला हात तुमचाच."

"आणि तुम्ही?"

"मी नाय लावणार." द्वारकाबाई आपल्या तळहातांकडं बघत होती. "चार महिने झाले, मी हळदीच्या डब्याला हात लावला नाय. भाजीत सुदिक हीच टाकती. डबा उघडला की मला हिच्या गालाचा वास येतो, त्या दिवसाचा. म्हणून म्हणते, माह्या हातानं नको."

बाहेर स्टेशनकडून गाडी गेल्याचा आवाज आला आणि गेला.

आशाबाईनं नजमाकडं पाहिलं. फोड आले त्या दिवशी नजमा एकदाच म्हणाली होती, "बोल दो, दीदी." त्यानंतर तिनं तोंड उघडलं नव्हतं, नुसती घरून एक जुनी चादर आणून मशीनवर टाकली होती. आताही ती फक्त बघत राहिली.

आशाबाईनं 'आईनं हळद व' यावर आडवी रेघ मारली. रेघ इतकी दाबून मारली की कागद फाटला.

"वहिनी, हळदीनं काही झालं नाही."

"डॉक्टरीणबाई म्हणल्या की..."

"त्यांना सांगता येत नाही. मला येतं." ती थांबली. आता थांबलं तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही हे तिला कळत होतं. "मशीनला कातडीचा रंग सांगावा लागतो. गोऱ्या कातडीला झोत जास्त, सावळ्या कातडीला कमी. मी गोऱ्याचा ठेवला. त्यानं पोरगी भाजली. तुम्ही हळद लावायच्या आधीच ती भाजली होती."

द्वारकाबाईला ते लगेच उमगलं नाही. "गोऱ्याचा कामून ठेवला?"

"तुम्ही निमगोरी म्हणालात."

हे तोंडातून गेलं मात्र, आणि आशाबाईला आपलीच लाज वाटली. खरं सांगतानाही निम्मं ओझं दुसरीच्या पाठीवर टाकायची खोड काही जात नव्हती.

"म्हंजे माह्याच तोंडानं..." द्वारकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही. तुम्ही म्हणालात, पण मला डोळे होते. पोरगी सावळी आहे हे मला दिसत होतं. नजमानं सांगितलंही. तुमच्यासमोर खरा रंग दाबायची मला भीड पडली. तुमचं मन राखायला मी हिचं तोंड जाळलं. आणि मग फोनवर तुम्हाला हळदीचं सांगितलं, ते स्वतःला वाचवायला. ते मी ठरवून केलं, वहिनी."

द्वारकाबाई उठली. आता ही आपल्या थोबाडीत मारणार असं आशाबाईला वाटलं, आणि मारावी असंही वाटलं. तिनं मारलं नाही. ती कोपऱ्यापर्यंत गेली, चादरीचं टोक उचलून त्या मशीनकडं बघत राहिली, आणि टोक सोडून दिलं.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी या पोरीच्या डोळ्याला डोळा दिला नाय."

शिवकन्या खिडकीपासून वळली. "आत्या, मला चष्म्याखालून पडदा दिसत होता," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही तीन दाबला ते मी बघितलं. त्यानं भाजेल हे तेव्हा कळलं नाही. वाटलं, आत्याला तरी मी तेवढी गोरी दिसते." तिनं हातातल्या स्कार्फची घडी घातली. "मला बरं वाटलं होतं."

चार महिन्यांत आशाबाई रडली नव्हती. आता रडली, आणि कुणी तिला उगी म्हटलं नाही.

थोड्या वेळानं नजमानं कोरा कागद आणून समोर ठेवला. आशाबाईनं पाचही प्रश्न पुन्हा उतरवले आणि उत्तरं लिहिली. पाचव्या ओळीत लिहिलं: हळद व साय, त्यानं इजा झाली नाही. मग ती चौथ्या ओळीकडं परत आली. 'धरलेला रंग: तीन, निमगोरा. चूक माझी.' त्यापुढं तिनं लिहिलं, 'खरा रंग:' आणि पेन उचललं. हा शब्द आपण लिहावा की नाही, तिला कळेना. पुन्हा तीच भीड, पुन्हा तीच खुर्ची.

द्वारकाबाई लेकीजवळ गेली. तिचा उजवा हात पोरीच्या गालापाशी जरा अडखळला, मग टेकला. ती अंगठ्यानं एका चौकोनाची कड चाचपत राहिली, सगळ्या बाजूंनी, सावकाश.

"सावळी," ती म्हणाली. "सावळी लिहा."

आशाबाईनं लिहिलं. खाली सही केली, दुकानाचं नाव घातलं. शिवकन्येनं कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. स्कार्फ तिनं हातातच राहू दिला.

दाराशी गेल्यावर द्वारकाबाई थांबली. मागं न बघताच म्हणाली, "गुरुवारी करमाडला या. नुसता कागद चालायचा नाय. पाच माणसांत तोंडानं सांगा."

"येते."

"आन् हळदीला येऊ नका, आशाबाई. हळद मी लावीन."