हजारामागे चाळीस

"चार टक्के तोटा," दामिनी म्हणाली.

"तोटा कसा? वीस चढवले, वीस उतरवले. बरोब्बर! तुह्या पुस्तकातच चूक आहे," इंदरलाल म्हणाला.

दामिनी ही इंदरलालची सून. तिची पोलीस भरतीची तयारी चालली होती. पहाटे ती दवनीवाडा या त्यांच्या गावच्या रस्त्यावर धावायची आणि दुपारी सासऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात बसून गणितं सोडवायची. इंदरलाल शेजारी बसून गंज, म्हणजे उभी पातेली, पुसायचा. आजचं गणित मात्र त्याच्या कानात शिरलं आणि तिथंच बसून राहिलं. एका दुकानदाराने किंमत वीस टक्क्यांनी वाढवली, मग त्यावर वीस टक्के सूट दिली, तर त्याला किती नफा किंवा तोटा झाला?

"दुकानदाराचं नाव दिलं आहे का?"

"गणितात नाव कायले देतील, मामाजी?"

"गाव?"

"नाही."

"मंग आपल्या दुकानातली गोष्ट याले कोनं सांगितली?"

त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि छपाई कुठली ते पाहिलं. पुण्याची होती. गुणवंता पुण्याला कधी गेला नव्हता. पण तिकडे टपाल जात असेलच.

गुणवंता म्हणजे धाकटा भाऊ. एके काळी दुकान दोघांचं होतं. लगनसराईत गिऱ्हाईक गोंदियाला पळू नये म्हणून दोघांनी युक्ती काढली होती. इंदरलालने खरेदीवर वीस टक्के चढवून चिठ्ठ्या लावायच्या, गल्ल्यावर बसलेल्या गुणवंताने वीस टक्के सूट द्यायची. माल खरेदीच्याच भावात जाईल, गिऱ्हाईक बांधलं जाईल, कमाई पुढे बाकीच्या महिन्यांत. पण हंगाम संपला की हजाराच्या मालामागे चाळीस रुपये कमी भरायचे. दर साली.

इंदरलालला रकमेपेक्षा तिचा नेमकेपणा खटकला. साधा चोर कधी तीस नेतो, कधी सत्तर. हा चाळीसच नेत होता. इतका शिस्तीचा चोर घरचाच असणार.

"खिशात काय आहे?" त्याने एकदा गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंता बिनखिशाचा सदरा शिवून आला. तूट तशीच. मग इंदरलालची नजर टोपीकडे गेली, तर गुणवंता बोडक्याने येऊ लागला. तूट तशीच. नजर चपलांकडे वळली, तशी चप्पल दुकानाबाहेर राहू लागली. शेवटच्या हंगामात तो बनियान आणि पंचावर गल्ल्यावर बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, कसलं तरी व्रत आहे. दोन बायका पायाही पडल्या. त्या साली विक्री दुप्पट झाली आणि तूटही दुप्पट.

"आता तोंडात धरून नेते का काय!" इंदरलाल म्हणाला. त्या संध्याकाळी गुणवंता गोंदियाला निघून गेला, तो परत आला नाही.

तो गेला आणि तूट थांबली. इंदरलालला याहून मोठा पुरावा नको होता. भाऊ गेल्यावर आपण सूटही बंद केली होती, हे तो पार विसरून गेला होता.

"हे पाहा," दामिनीने गंज पुढे ठेवला. "हा शंभराचा. वीस चढवले, एकशेवीस झाले. सूट कशावर देता? एकशेवीसवर. त्याचे वीस टक्के म्हणजे चोवीस. चढवले वीस, उतरवले चोवीस. उरले शहाण्णव. शंभरामागे चार, हजारामागे चाळीस."

इंदरलालने तिच्या मोबाईलवर करून पाहिलं. शहाण्णव.

"हा मोबाईल कोनं घेऊन देल्ला तुले?"

"माह्या भावानं."

"त्याची अन् गुणवंताची ओळख आहे का?"

दामिनीने पुढचं गणित काढलं. इंदरलालने गंज पुसायला घेतला, खाली ठेवला, पुन्हा पुसायला घेतला. मग उठून त्याने गोंदियाची बस पकडली.

बाजारातल्या एका मोठ्या भांड्यांच्या दुकानात गुणवंता नोकरीला होता. सदरा पांढरा, कडक इस्त्रीचा आणि बिनखिशाचा. पेन कानावर, मोबाईल गळ्यात, लहान पोरांच्या पाण्याच्या बाटलीसारखा दोरीला लटकलेला.

"आओ सेठ, क्या दिखाऊँ?"

"कुकर," इंदरलाल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या दुकानात कुकरची रांग लागलेली होती.

गुणवंताने पाच लिटरचा काढला.

"सूट?"

"बीस टक्का."

"मालकाले तोटा नाही होत?"

गुणवंताने झाकण फडक्याने पुसलं. "पहले पच्चीस चढाते." मग तो हळूच म्हणाला, "शंभराचे सव्वाशे, दादा. सव्वाशेचे वीस टक्के पंचवीस. शंभर पुरे उरतात."

"तुले कवा समजलं?"

"इथं आल्यावर. पयल्याच हंगामात."

"मंग सांगाले काऊन नाही आला?"

"आलो असतो तं तू इचारलं असतं, हे तुले कोनं शिकवून पाठवलं."

इंदरलालने तोंड मिटलं. तोच प्रश्न या क्षणीही त्याच्या जिभेवर होता.

"गुणवंता, एक सदरा शिवतो तुह्यासाठी," तो म्हणाला. "दोन खिशांचा."

"राहू दे. खिसा नसला तं बरं राह्यते. कोनी पाह्यत नाही."

मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. गुणवंताने पैसे घेतले, पावती आणि उरलेली दहाची नोट हातावर ठेवली आणि "आओ भाभीजी" म्हणत तिकडे वळला.

इंदरलालचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

बसमध्ये बरीच जागा रिकामी होती. कुकर मांडीवर घेऊन तो खिडकीपाशी बसला. नागरा गाव मागे पडलं. कंडक्टरने तिकीट दिलं, तेही त्याने पावती आणि नोटेसोबत मुठीत घेतलं. दवनीवाड्याला उतरेपर्यंत कागद घामाने भिजून गेले होते, पण मूठ त्याने उघडली नाही.