लाल क्रूस आणि लाल गाढव

सान मातिआस गावाच्या चढावर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कुणी गुडघ्यांवर रांगत येत होतं, कुणी आजारी पोराला पाठीशी बांधून. सेल्सोच्या शेतात, लेट्यूसच्या फिकट हिरव्या वाफ्यात, मधोमध लालभडक क्रूस उमटला होता. रंगवलेला म्हणावा तर पान चोळून पाहिलं तरी बोटाला काही लागत नव्हतं. रंग पानाच्या आतून आला होता.

परवापर्यंत भावावरून बाजारात हमरीतुमरीवर येणारा सेल्सो आता सेल्सोभाऊ झाला होता. पांढरा सदरा घालून तो वाफ्याच्या डोक्याशी उभा राही. "प्रभूचं रक्त मुळांतून वर चढलंय, माझ्या बायांनो. शेजारच्या वाफ्यांतही त्याचाच गुण उतरलाय. रोज अख्खा गड्डा, उपाशीपोटी, बिनमिठाचा. नऊ दिवस. मध्ये खाडा झाला तर मला बोलायचं नाही." ही शेवटची सूचना तो कधी विसरत नसे. गुण आला नाही की खापर फोडायला कुठला तरी खाडा सापडतोच.

क्रूसाच्या वाफ्यावर कमानी लावून प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ताणला होता, पाखरांनी विटाळू नये म्हणून. भक्तानं त्याची कड उचलून डोकं आत घालायचं आणि मातीचं चुंबन घ्यायचं, अशी रीत पडली होती.

रांगेत शाळेच्या देल्फिनाबाईही होत्या. देवळात त्या फक्त लग्नाला आणि मयताला जात. आज आल्या होत्या धाकट्या बहिणीला आधार द्यायला. ओतिलियाच्या हृदयात लहानपणीच्या तापानं बिघडलेल्या झडपेच्या जागी धातूची झडप बसवलेली होती. खोली शांत असली की तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येई. रक्त गोठू नये म्हणून तिला जन्मभर रोज गोळी घ्यायची होती, आणि त्या गोळीचा तिला कंटाळा आला होता.

ओतिलियाला एकटीला वाकता येईना म्हणून देल्फिनानंही तिच्यासोबत कागदाखाली डोकं घातलं. देल्फिनाचा चष्मा उन्हात काळा होणारा होता. डोक्यावर ऊन रणरणत होतं, तरी आत जाताच काचा हळूहळू नितळ झाल्या. बाहेर आल्यावर पुन्हा काळ्या. तिनं पुन्हा डोकं आत घातलं. मागच्या बाईला वाटलं, बाईंना भक्तीचा उमाळा आला.

वाटेनं उतरताना तिनं बहिणीला सांगून टाकलं, "ही लबाडी आहे, ओती. तो कागद उन्हातलं काहीतरी अडवतोय. मी करून दाखवते तुला."

"दाखव की," ओतिलिया हसून म्हणाली. "तू दाखवेपर्यंत मी खाते. खाऊ ना, ताई?"

"खा. पानंच तर आहेत. पानांनी काय होतंय?"

देल्फिनानं तालुक्याच्या दुकानातून पिकावरची पांढरी माशी रोखायला वापरतात तो प्लॅस्टिकचा कागद आणला. त्यातून उन्हातले अतिनील किरण पलीकडे जात नाहीत, हे दुकानदारानंच सांगितलं. शाळेच्या अंगणात, पेटीत लावलेल्या सेल्सोकडच्याच जातीच्या कोवळ्या, हिरव्या लेट्यूसवर, पानांना टेकेल असा तो ताणला आणि मधोमध कापून एक गाढव काढलं. क्रूस उमटवला असता तर लोक त्याच्याही पाया पडले असते.

कापलेल्या भागातली पानं हळूहळू लाल होऊ लागली, आणि ती रोज पेटीशी जाऊन मनाशी खूश होत होती. घरी ओतिलिया रोज सकाळी गड्डा संपवत होती, आणि गोळीही न चुकता घेत होती. व्रत पुरं व्हायला आलं असताना ती चुलीपुढे मक्याच्या तोर्तिया थापता थापता कलंडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली.

शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली होती का? देल्फिना म्हणाली, एकही नाही. मग त्यांनी विचारलं, पालेभाजी वाढली होती का?

हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं. ते एकाएकी वाढलं की गोळीचा जोर उतरतो आणि झडपेवर रक्ताची गुठळी धरते, ती सुटून मेंदूत अडकते. म्हणून पाला नेहमी असतो तेवढाच खायचा. हे ऑपरेशनच्या वेळी दोघींना सांगितलं होतं, आणि देल्फिनानं मान डोलावली होती. पानांत देव नव्हता, पण पानं रिकामीही नव्हती.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर देल्फिनानं ती पेटी सेल्सोच्या बांधावर आणून ठेवली. हिरव्या पानांत लालभडक गाढव, कानांसकट. एक क्षण लोकांत हसू पसरलं.

सेल्सो कच्चा नव्हता. "प्रभू शहरात गाढवावरच बसून आले होते, बायबलात आहे," तो म्हणाला, आणि दोन बायांनी खरोखर गुडघे टेकले.

देल्फिनाला रडू आवरेना, पण ती बोलली. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचायला या जातीचं पान लाल रंग तयार करतं, आपली कातडी उन्हानं काळवंडते तसंच. किरण अडवले तर ते हिरवंच राहतं. सेल्सोनं आधी कापलेल्या कागदातून क्रूस उमटवला आणि मग बाकीचा वाफा लाल होऊ नये म्हणून वर अखंड कागद ताणला. तिनं आपला चष्मा पुढे केला. ज्याला हवं त्यानं तो कागदाखाली धरून पाहावा.

"आणि सेल्सो, हा कागद आठवडाभर काढून ठेव. देवाचा क्रूस असेल तर राहील. नाहीतर सगळा वाफा लाल होईल आणि क्रूस हरवेल."

सेल्सो कागदाची कड धरून उभा राहिला. शेवटी गर्दीतल्या पेत्रा म्हातारीनं त्याचा हात बाजूला सारला आणि कागद ओढून काढला.

"मी याला खोटं म्हटलं आणि तिथंच थांबले," देल्फिना म्हणाली. "खोटं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असं समजले. तुम्ही तसं करू नका. बुवा-बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, मलाही विचारा. काय आहे, कशानं होतं, माझ्या माणसाला त्यानं काय होईल. उत्तर मिळेपर्यंत तोंडात घालू नका."

आठवडाभरात वाफा लाल झाला आणि क्रूस दिसेनासा झाला. सेल्सो गाव सोडून गेला.

ओतिलियाला एकच शब्द परत आला, हो. पाणी हवं? हो. दुखतंय? हो. खिडकी लावू? हो. लावली की रडते.

संध्याकाळी देल्फिना तिचे केस विंचरते. एकदा तिनं विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

"हो," ओतिलिया म्हणाली.

प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणाऱ्या देल्फिनाकडे हे एक उत्तर पडताळून पाहायचा काही उपाय नव्हता. ती केस विंचरत राहिली.