सही न केलेले कार्ड

ज्या कागदावर सही नाही तो कागद जन्मालाच आलेला नाही, असे बाइंडरचे ठाम मत होते. सत्तावीस वर्षे त्याने शाळांची आणि कचेऱ्यांची रजिस्टरे बांधली होती आणि पोचपावतीवर सही घेतल्याखेरीज एकही गठ्ठा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. शिक्षण सातवीतच आटोपले असले, तरी कागदाचा कायदा आपल्याला कोणी शिकवू नये, इतका त्याचा आत्मविश्वास होता. आणि नेमक्या ह्याच आत्मविश्वासाने त्या शुक्रवारी त्याचा घात केला.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण अशी दोनच माणसे. ताईने उभी हयात सूतगिरणीत काढली होती व तेथील कापसाच्या धुळीने तिची फुप्फुसे पोखरली होती. आता तिच्या खुर्चीशेजारी ऑक्सिजनचे यंत्र अहोरात्र घरघरत असे. वीज गेलीच तर सिलिंडर होता. तो तीन तास पुरे. चौथ्या तासाचा विचार बाइंडर कधीही शेवटापर्यंत नेत नसे.

अशातच नगरपालिकेने ठरवले, की घरोघरी ज्याने त्याने वीज घेण्यापेक्षा सर्व रहिवाशांसाठी नगरपालिकेनेच ती एकत्र खरेदी करावी. त्यासाठी सभा झाली. ताई हट्टाने सभेला गेली, एवढेच नव्हे तर उभी राहून ठरावाच्या बाजूने चार वाक्ये बोललीही. बाइंडर तिच्या शेजारीच बसला होता. परंतु सभेत काय ठरले, हे त्याला शपथेवरही सांगता आले नसते. त्याची दृष्टी अथपासून इतिपर्यंत तिच्या मांडीवरील सिलिंडरच्या काट्यावर खिळली होती.

पुढे प्रत्येक घरी नगरपालिकेचे, खाली सहीची जागा असलेले एक कार्ड आले. बाइंडरच्या मनात एकच भय घर करून बसले. सध्या ताईचे नाव वीज कंपनीच्या आजारी ग्राहकांच्या यादीत आहे. दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असली, की आदल्या दिवशी फोन येतो. उद्या वीज दुसऱ्याच कोणाकडून आली, तर त्या परक्याला ह्या खुर्चीची, ह्या नळीची काय कल्पना? एका अक्षरानेही ताईशी चर्चा न करता त्याने ते कार्ड दुकानात नेले आणि प्रेसमध्ये दाबलेल्या रजिस्टरांखाली दडवले. कागद बांधणाऱ्याने कागद वाचत बसू नये, ही धंद्याची जुनी शिस्त. म्हणून मागची बाजू त्याने उलटूनही पाहिली नाही. सही नाही, म्हणजे संमती नाही. तो निश्चिंत झाला.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास शेजारचा सलूनवाला दारात येऊन उभा राहिला.

"काय शेठ, शेवटी तुम्हीपण आलात ना आमच्या पंगतीत?"

"कुठल्या पंगतीत? मी सही केलेली नाही."

"अहो, म्हणूनच तर आलात!" सलूनवाला खो खो हसला. "ज्याला नको असेल त्यानं सही करून कार्ड परत द्यायचं. गप्प बसला तो आत. कार्डाच्या पाठीवर एवढं ठळक छापलंय. आज पाचला नगरपालिकेची खिडकी बंद. आमच्या हिला पण तीनदा समजावलं तेव्हा कुठे कळलं."

बाइंडरने घाईघाईने प्रेसचा स्क्रू सैल केला. कार्डाचा कोपरा खळीने एका पुठ्ठ्याला चिकटला होता. तो सोडवताना थोडा फाटला. दुकानाचे शटर अर्धेच ओढून तो घराकडे धावत सुटला, कारण विजेची जोडणी ताईच्या नावावर होती. सही तिचीच हवी होती.

ताईने त्याला धापा टाकताना पाहिले.

"काय रे छोट्या? यंत्र मला लागतं की तुला?"

"ताई, इथे सही कर. लवकर."

तिने कार्ड हातात घेतले, उलटले आणि फाटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले.

"म्हणजे हे तू लपवून ठेवलं होतंस. मला वाटलं, तुला पटलं म्हणून तू परत दिलं नाहीस. किती बरं वाटलं होतं मला."

"ते लोक तुला ओळखत नाहीत गं. न सांगता लाइट बंद केली तर?"

"मी नगरपालिकेत फोन करून विचारलंय. दोनदा." ती थांबली, श्वास घेतला. "तारा त्याच, माणसं तीच, यादीपण तीच."

"फोनवर कोणी काहीही सांगतं."

"आणि तू मला काहीच सांगत नाहीस! फुप्फुसं गेलीत माझी, डोकं नाही गेलं." पुन्हा श्वास. तिचे ओठ किंचित निळसर दिसले. तथापि तिनेच पेन मागितले आणि सावकाश, वळणदार सही केली.

"घे. पण आधी तिथे जाऊन स्वतः विचार. पटलं नाही तर दे. मी काही म्हणणार नाही."

पाचला नऊ मिनिटे असताना तो खिडकीपाशी पोहोचला. आतील कारकून बाईंनी त्याचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले व वीज कंपनीची तीच यादी पुढे सरकवली. ताईचे नाव सातवे होते.

"काका, वीज बंद करणारेही तेच आणि कळवणारेही तेच. आम्ही फक्त ती कोणाकडून विकत घ्यायची, ते ठरवलंय."

"हे लिहून द्या."

बाईंनी दोन ओळी लिहून खाली सही केली.

"शिक्का?"

"शिक्का साहेबांच्या कपाटात, आणि साहेब गेले. सोमवारी या हवं तर."

"सोमवारी कार्ड घ्याल?"

"नाही हो. ते आज पाचपर्यंतच."

बाइंडरच्या एका हातात सही केलेले कार्ड होते, दुसऱ्या हातात बिनशिक्क्याचा कागद. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी घसा खाकरला. सबंध आयुष्यात बिनशिक्क्याच्या कागदावर त्याने एक गठ्ठाही सोडला नव्हता, आणि येथे तर साक्षात बहिणीचा श्वास सोडायचा होता. मग त्याला स्मरले, की जिचा श्वास, तिने दोनदा विचारले आहे. आपण एकदाही नाही. तो रांगेतून बाजूला झाला. खिडकीचे दार खाली आले, तेव्हा कार्ड अजून त्याच्या हातातच होते.

घरी ताई वाट पाहत होती.

"दिलंस?"

"नाही."

तिने त्याच्या हातातले कार्ड काढून घेतले. मग म्हणाली, "एक तारखेपासून नवी वीज सुरू होणार. त्या दिवशी दुकान बंद ठेव."

"का? तूच म्हणालीस ना, सगळं तेच आहे म्हणून?"

"आहे तेच. पण मला एकटीला भीती वाटेल रे."

बाइंडरने स्टूल ओढून तिच्या खुर्चीला लावले.

"ठेवतो," तो म्हणाला.