चार इंच

माणसाने आजवर जे जे थोर केलं, ते जमिनीपासून वर उठूनच केलं. लालबागच्या मयूर परबनेही वर उठायचं ठरवलं. चार इंच. आणि त्या चार इंचांत सापडला त्याच्या वडिलांचा मणका.

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. मयूरने तिचे पुढचे स्प्रिंग उंच केले, मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले. आता ही दगडधोंड्यांतून, नदीनाल्यांतून जाईल, असं तो सांगायचा. तिने आजवर चढलेला सर्वांत अवघड चढ म्हणजे लालबागचा उड्डाणपूल.

वडील, लवू परब, कापडगिरणीत जॉबर होते, साच्यांवरचे, म्हणजे मागांवरचे, मुकादम. वय पंच्याहत्तर, वजन बावन्न किलो. मयूर म्हणाला, "बाबा, चला, चक्कर मारू," की ते इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. आल्यावर मयूर विचारायचा, "कशी वाटली?" ते म्हणायचे, "झकास." येत्या शनिवारी याच गाडीतून सगळ्यांनी देवगडला जायचं ठरलं होतं. बाबांना आपल्या गाडीतून गावात उतरवायचं, एवढ्यासाठीच तर मयूरने गाडी घेतली होती.

रविवारी सकाळी आईने, शेवंतीबाईंनी, लसूण सोलता सोलता सांगितलं, "बाबांनी एसटीचं रिझर्वेशन केलंय. एकट्याचं."

"का?"

"तुझ्या गाडीतून आले की दोन दिवस पालथे झोपतात. तुला सांगू नको म्हणालेत. मी सांगितलं नाही, लक्षात ठेव."

मयूर तडक गॅलरीत गेला. बाबा पेपर वाचत होते. उभ्याने.

"बाबा, गाडी आदळते तर बोलला का नाहीत?"

लवूंनी पेपरची घडी घातली. "माका वाटला, तशीच व्हयी असता."

"कशी?"

"आदळणारी. इतक्या हौसेन करून घेतलंस, म्हणजे मुद्दामच केलली असतली. म्हटला, पोराची मजा कित्याक घालवा."

खरं सांगायचं तर त्याचीही कंबर दुखत होती. पण बाबांना एवढी आवडलीय म्हटल्यावर तोही गप्प होता.

दोघे माझगावला शामरावांच्या गॅरेजमध्ये गेले. पोचल्यावर मयूर इंजिन बंद करायला लागला तसे लवू म्हणाले, "थांब, चालू ऱ्हवांदे." ते खाली उतरले आणि हौद्याच्या कडेवर तळवा टेकवून डोळे मिटून उभे राहिले. साचा कुठे सैल पडलाय, ते गिरणीत असेच बघायचे.

"उजवो मागचो," ते म्हणाले. "खय तरी रबर गेलाहा."

शामराव गाडीखाली शिरले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. "रबरी बुश गेलाय. मागचा, उजवा. आजोबा, उद्यापासून येता काय कामाला?"

"बुश बदलला की होईल ना?" मयूरने विचारलं.

"आवाज जाईल. आदळणं नाही जाणार. मयूरशेठ, हे पाटे पाचशे किलो माल उचलायला बनवलेत. तू मागे काय नेतोस?"

"काही नाही."

"आणि पुढे?"

मयूरने बाबांकडे पाहिलं.

"बरोबर. म्हणजे एकतर मागे सिमेंट भर, नाहीतर जादा पाटे काढ. टायरमध्येही तू टेम्पोची हवा भरलीयस. ती कमी करू, शॉकअब मऊ टाकू. पण गाडी बसेल खाली."

"किती?"

"जवळजवळ होती तिथेच येईल."

मयूर गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी मारली. लवू म्हणाले, "ऱ्हवांदे रे. मी जातंय एसटीन. एसटी काय वायट नाय."

"काढा पाटे," मयूर म्हणाला.

संध्याकाळी गाडी गॅरेजमधून निघाली, ती चारचौघींसारखी दिसत होती. पहिल्या खड्ड्याला मयूरने श्वास रोखला. गाडी खाली गेली, वर आली, एवढंच. "कशी वाटते, बाबा?" उत्तर नाही. दुसरा खड्डा गेला. लालबाग आलं तेव्हा त्याने मान वळवून पाहिलं. बाबा मान एका बाजूला टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपले होते.

घराचं वळण मयूरने सोडून दिलं. परळ गेलं, दादर गेलं. उकरलेला रस्ता दिसेल तिथे तो मुद्दाम गाडी घालत होता आणि दर वेळी शेजारी बघत होता. वडाळ्याला फोन आला.

"कुठे आहात? भात गार झाला," शेवंतीबाई म्हणाल्या.

"वडाळ्याला," तो कुजबुजला.

"वडाळ्याला कोण आहे आपलं?"

"आई, बाबा झोपलेत."

"मग हळू चालव," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रभादेवीच्या सिग्नलला लवूंना जाग आली. त्यांनी बाहेर पाहिलं, मग मुलाकडे. मयूरने घसा साफ केला. दिवसभराच्या खटपटीवर बाबा आता काहीतरी बोलतील, असं त्याला वाटलं.

"मयूर."

"हां बाबा?"

"देवगडाक जाताना माझी चादर घे रे. तुझो एसी लय थंड मारता."