दहा मण्यांचा भुंगेरा

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिला सगळे धाकटी म्हणत. रुजू झाली तेव्हा ती खरंच सगळ्यांत लहान होती. आता पन्नाशी उलटली, तिच्या हाताखाली तिघे आले आणि गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

विभागात भुंगेऱ्यांची एक जुनी पेटी होती. सरांनी, म्हणजे धाकटीच्या गुरूंनी, सव्वीस वर्षांपूर्वी ते भुंगेरे दाट, दमट जंगलातून आणले होते. ओंडक्यांवरच्या अळंबीत राहणारे, मोहरीएवढे, त्रिकोणी कागदाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेले. काहींच्या मिशीला अकरा मणी, म्हणजे मण्यांसारखे भाग, होते, काहींच्या दहा. सरांनी तेव्हाच छापून टाकलं होतं की जात एकच, अकरा मण्यांचे नर आणि दहा मण्यांच्या माद्या. सरांनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे कुणी त्या पेटीकडे फिरकलं नाही.

धाकटीने ती उघडली, तीसुद्धा बुरशी दिसली म्हणून. ब्रशने साफ करताना दहा मण्यांचा एक भुंगेरा कागदावरून निखळला आणि त्याचं पोट वेगळं झालं. तुकडा उचलून भिंगाखाली धरला, तर मादी म्हणवणाऱ्या त्या जिवाच्या आत नराचा अवयव. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दोन्ही प्रकारचे आणखी तेरा भुंगेरे कोमट पाण्यात मऊ करून सुईने उघडले. दहावाल्यांत नर-मादी दोन्ही, अकरावाल्यांतही दोन्ही. म्हणजे जाती दोन होत्या, आणि दहा मण्यांची जात जगात कुणी नोंदवलीच नव्हती.

तिला आनंद झाला, पण तो जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकला. डबा उघडताना लक्षात आलं, की आता सरांचं चुकलं असं लिहावं लागणार. हातात सुई कशी धरायची ते ज्यांनी शिकवलं त्यांचं.

वर्णन तिने महिनाभरात लिहून काढलं. लांबी, रंग, पाठीवरच्या कवचातले खळगे, पायांवरचे केस, सगळं. अडलं ते एका वाक्याशी. ते तिने इतक्यांदा खोडलं की कागद फाटला. शेवटी लिहिलं, की पूर्वीच्या निरीक्षणात काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. विभागप्रमुखांनी सुचवलं, नव्या जातीला सरांचंच नाव दे, कडू गोळी गोड होईल. तिला ते पटलं, आणि रविवारी ती सरांकडे गेली.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. आताशा त्यांना वाचता येत नसे. त्यांच्या पत्नी, काकू, टेबलाशी मटार सोलत होत्या. धाकटीने शोधनिबंध वाचायला घेतला आणि त्या वाक्यावरून भरकन पुढे गेली.

"थांब," सर म्हणाले. "ते मघाचं पुन्हा वाच. त्रुटी कुणाची?"

"तुमची, सर."

सरांनी विचारलं, तिने किती भुंगेरे उघडले. तिने सांगितलं, चौदा.

"मी एकही उघडला नव्हता," सर म्हणाले. "हे असंच लिही. आणि माझं नाव त्या बिचाऱ्याला देऊ नकोस."

तेव्हा काकू बोलल्या. आवाजात टोमणा नव्हता, उलट जरा संकोचच होता. त्या जंगलात त्याही गेल्या होत्या. सर मोठ्या भुंगेऱ्यांच्या मागे असत आणि अळंबीतले हे बारके काकूच वेचत. बोट लावलं की काही पाय मुडपून मेल्याचं सोंग घेत, काही मात्र धूम ठोकत. म्हणून त्यांनी दोन वेगळ्या बाटल्या केल्या होत्या.

"आणि मी त्या एकत्र केल्या," सर म्हणाले. "तू पळपुट्यांचं सांगितलंस, त्यावरूनच मला नर-मादीचं सुचलं. पळणाऱ्यांना दहा मणी होते, त्या माद्या, असं धरून चाललो."

"मी म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं."

धाकटीने पेन काढलं. कागदाला चिकटवलेला भुंगेरा जिवंतपणी पळायचा की पडून राहायचा, हे कुठलंच भिंग सांगू शकत नव्हतं. ती विचारत गेली आणि काकू सांगत गेल्या: सकाळची वेळ, ओढ्याच्या अलीकडचा आडवा ओंडका, नारिंगी अळंबी, तिची खालची बाजू. मटार तसेच राहिले. सर मधे एकदाच बोलले, ओंडका ओढ्याच्या अलीकडे नव्हे, पलीकडे होता म्हणून. काकूंनी शांतपणे सांगितलं की अलीकडेच होता. सरांनी मान डोलावली.

निघताना धाकटीने विचारलं, काकूंचं नाव जातीला दिलं तर?

"मला नको ग बाई. तो पळतो, तर पळणारा म्हणा की त्याला."

तसंच नाव ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. नमुने गोळा करणाऱ्यांत काकूंचं नाव पहिलं होतं, आणि सरांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं होतं. काकूंनी आपलं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, त्या सफरीतल्या बाकीच्या पेट्यांचं काय झालं? कारण बाटल्या त्यांनी पुष्कळ वेगळ्या केल्या होत्या.

आता दर गुरुवारी काकू विभागात येतात. धाकटी पेटी काढते, त्या आठवून सांगतात. पेट्या नऊ आहेत, तिसरी चालू आहे.