धुपाच्या पायाची माती

वृक्षाखाली चारशे बारा रोपे होती. दोन पानांची दोनशे सत्त्याऐंशी, चार पानांची एकशे पंचवीस.

भाद्रपदाचे ओले, हिरवे ऊन देवराईच्या पर्णछतातून गाळून गाळून खाली येत होते, आणि त्या गाळलेल्या उजेडात ऋतुजा गुडघ्यांवर बसून मोजत होती. मोजणारी चोवीस वर्षांची. वृक्षाचे वय कोणालाच ठाऊक नव्हते.

तो धूप होता. कृष्णत्वच, उत्तुंग, अंगभर राळेचे थिजलेले थेंब. गाभा पोखरलेला. त्याच्या जोडीचा धूप गेल्या वैशाखातल्या वादळाने आडवा केला होता. यापुढे याला फुले येणार होती, पण जोडीच्या परागाविना फळ धरणार नव्हते. ही रोपे शेवटची.

पूर्वी धनेश येत. पिवळ्या चोचीत फळ धरून डोंगरापार नेत. आता आभाळात पंखांचा तो घोंघावणारा नाद नव्हता. फळ पडे तिथेच पडे, रुजे तिथेच रुजे, आणि कार्तिक सरता सरता मरे.

का मरे, ते शोधायला ऋतुजा आली होती. धुपाच्या मुळांशी, काळ्या सुगंधी मातीत, एक बुरशी राहते. वृक्षाला ती सोसते, रोपांना सोसत नाही. मायेच्या सावलीत मायेचे लेकरू वाढत नाही. म्हणून तिथे किंजळ वाढतो, जांभूळ वाढते, परक्यांची पोरे वाढतात. म्हणून अरण्य एकाचे होत नाही, अनेकांचे होते. केवढे सुंदर, आणि केवढे निष्ठुर.

देवराईचा गुरव भिवा. देवराईतली काडीही जागची हलवायची नाही, हा तिथला नेम. ऋतुजाने साठ रोपे ओढ्यापल्याड नेऊ द्या म्हटले, तेव्हा त्याने देवाला पाकळ्या लावून कौल मागितला. पाकळी उजवीकडून पडली. म्हातारा मुलासारखा हसला.

तिने एकेक रोप उपटले, वाहत्या पाण्यात मुळे धुतली. मातीचा कण उरेपर्यंत धुतली, तोही उरू दिला नाही.

"मायची माती एवढीपण ठेवायची नाय, बाय?" भिवाने विचारले.

"नाही, काका. स्वच्छ हवीत." एवढेच ती बोलली. घाई होती, साठ खड्डे होते, कारण सांगायला पुढे दिवस होतेच.

मग ती प्रयोगशाळेत गेली. तीन आठवडे.

भिवाची लेक शेवंती घाटावर दिली, तेव्हा त्याने तिच्यासोबत अंगणातली तुळस मातीसकट पाठवली होती. परक्या रानात आपल्या मुळांना आपली माती हवी, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ती तुळस तिकडे अजून हिरवी होती.

आश्विनाची सोनपिवळी सकाळ. ओढा उतरलेला, काठाची तेरड्याची फुले सुकत आलेली. ऋतुजा पल्याड पोचली आणि थबकली. दिसणाऱ्या प्रत्येक रोपाभोवती काळ्या मातीचे आळे होते. गोल, रेखीव, पूजेच्या मांडणीसारखे. प्रत्येक आळ्यात एक मान टाकलेले रोप. मातीलगतचा देठ तपकिरी, बारीक, दोऱ्याने आवळल्यासारखा.

भिवा ओढा ओलांडून येत होता. ओंजळ भरलेली. ओंजळीत काळी सुगंधी माती.

"पोरकी वाटली गो मला," तो म्हणाला. "रोज पहाटे आणतंय. तरी माना टाकतात. कमी पडली काय?"

ती गप्प राहू शकली असती. पण गप्प राहिली तर तो उद्याही आणणार होता. म्हणून तिने सांगितले; सावकाश, सोप्या शब्दांत, बुरशीचे सगळे सांगितले. पाणी वाहत होते. एक पान गिरक्या घेत उतरले.

"म्हंजे माझ्या हातानं," भिवा म्हणाला.

"माझ्या न सांगण्यानं, काका."

त्याने ओंजळ उघडली नाही. तशीच भरलेली घेऊन तो मागे वळला, ओढा ओलांडला, धुपाच्या पायाशी बसला आणि माती होती तिथे परत ठेवली. मग ओढ्यावर येऊन हात धुतले. नखे धुतली, रेषा धुतल्या, बोटांच्या बेचक्या धुतल्या. ऊन डोक्यावर आले तरी तो हातच धूत होता.

दोघांनी मिळून आळी उपसली. रोज पाहिले, रोज मोजले. कार्तिक आला, धुके आले, धुक्यात रोज एखाद-दुसरे रोप कमी झाले. साठावे रोप करवंदीच्या जाळीमागे होते. म्हाताऱ्याच्या नजरेतून ते सुटले होते.

मार्गशीर्षात, सकाळी आठ वाजता, शेवटची मोजणी झाली. ऋतुजाने पट्टी धरली. भिवा चार पावले लांब उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

धुपाखाली ठेवलेली तीनशे बावन्न, जिवंत, शून्य.

ओढ्यापल्याड लावलेली साठ, जिवंत, एक. उंची एकोणीस सेंटिमीटर. पाने सहा.